दममास्तर आणि शेंगापोळी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. १२ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. काशम्माक्कास,
रेवणसिद्धचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, बसली असशील तर ऊठ आणि उभी असशील तर बस. तुझ्या भावाला नोकरी लागली! मिलच्या फुटबॉल संघाला मी व्यायाम शिकवणार. चेंडूला हात लावायचा नाही, पायही लावायचा नाही, फक्त पोरांचा दम वाढवायचा. पहिल्या डावात ती हरणासारखी पळतात आणि दुसऱ्यात मैदानावरच बसतात. मला सगळे दममास्तर म्हणू लागलेत.

मला तालमीशिवाय दुसरं काय येतं? पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आमचा गोलकीपर बसवराज जिना उलटा उतरत होता.

अप्पांना हे पसंत नाही. वस्तादानं घडवलेलं अंग चेंडूमागं पळणाऱ्यांवर घालवतोस व्हय, असं विचारतात. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेनंतर हुबळीचा संघ येणार आहे. त्या सामन्यात पोरं शेवटपर्यंत टिकली नाहीत, तर मी टेंभुर्णीला दाजींच्या दुकानात बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. मला भुसार मालाच्या वासानंच शिंका येतात हे तुला माहीत आहे. सरावाच्या सामन्याला तुझ्या हातच्या दाण्याकूट-गुळाच्या शेंगापोळ्या पाठव. पोरांच्या अंगात ताकद येईल.

तुझा धाकटा,
रेवणसिद्ध

टेंभुर्णी,
ता. २२ नोव्हेंबर १९७४

चि. रेवणसिद्ध यास काशम्माचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतकी हसले की सासूबाई काळजीनं पाणी घेऊन आल्या. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर साठ पोळ्या आणि तुपाची बरणी पाठवली आहे. ह्यांनी मात्र दुकानात तुझ्यासाठी नवी गादी शिवून ठेवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात.

एक सांगू? आपले शिवलिंगप्पाकाका यात्रेत नंदीध्वज पेलायचे, आठवतं? एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात घेऊन मैलोन्‌मैल चालायचे, पण बैठका मारताना कुणी पाहिलं होतं का त्यांना? महिनाभर आधीपासून ते वजन बांधलेला बांबू घेऊन रोज चालायचे. बघ जमलं तर.

तुझी,
अक्का

सोलापूर,
ता. १० डिसेंबर १९७४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पोळ्या पोचल्या. सामन्याआधी तासभर सगळ्या संपल्या. दुसऱ्या डावात आमच्यावर पाच गोल झाले आणि त्यातल्या दोन गोलांना बसवराज खांबाला टेकून पेंगत होता. तुझ्या पोळ्यांना नावं ठेवत नाही, माझ्याच अकलेला ठेवतो.

पण बांबूचं तू लाखमोलाचं सांगितलंस! आता प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्यात वाळूचं पोतडं बांधलेला बांबू, आणि मैदानाला फेऱ्या. आधी चालायचं, मग पळायचं. दम मांड्यांत नसतो, कमरेत असतो हे आता कळलं. शेजारच्या कमलम्मा विचारतात, यंदा यात्रा मैदानातच भरणार हाय का?

तुझा,
रेवणसिद्ध

सोलापूर,
ता. २१ जानेवारी १९७५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अक्का, ऐक! परवा हुबळीचे पाहुणे आले. पाहुणा उपाशी मैदानात जातोच कसा, म्हणत अप्पांनी सगळ्यांना घरी आणलं आणि पंगत मांडली. शेंगापोळी, वर तूप, कन्नडमधून आग्रह. मी आपल्या पोरांची व्यवस्था पाहायला मैदानावर होतो, मला पत्ताच नाही, सामना संपल्यावर कळलं. दुसऱ्या डावात ते अकराही जण पोट धरून उभे. आम्ही तीन गोलांनी जिंकलो.

लोक मला खांद्यावर घेऊन नाचले, पण मला रडू येत होतं. माझा दम जिंकला की अप्पांची पोळी? शेवटी त्यांच्या कप्तानाला, हा विजय दमाचा नाही, पोळीचा आहे, असं खरं ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी पुन्हा खेळायची विनंती केली. अप्पा म्हणाले, येड्या, जिंकलेली कुस्ती परत लावतोस?

काल पुन्हा खेळलो. बरोबरी, बरोबरी, बरोबरीच! ते धापा टाकायला लागले, आमची पोरं पळतच होती. शेवटच्या मिनिटाला चन्नवीरनं गोल मारला. अप्पा धोतर सावरत मैदानात धावले आणि चन्नवीरला सोडून मलाच मिठी मारली. माझी नोकरी पक्की झाली, अक्का!

तुझा दममास्तर,
रेवणसिद्ध

टेंभुर्णी,
ता. २९ जानेवारी १९७५

चि. रेवणसिद्ध यास अनेक आशीर्वाद.

वेशीपर्यंत पेढे वाटले. आता एक कबूल करते, रागावू नकोस. डिसेंबरात तुम्ही हरल्याचं वाचलं, तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती. आठ वर्षं झाली मला इथं. वाटलं, माहेरचं एक माणूस तरी रोज डोळ्यांसमोर बसेल. बांबूची युक्तीही मीच सांगितली आणि मग स्वतःलाच बोल लावत बसले. पण तू जिंकलेला सामना परत खेळलास हे वाचलं, आणि तू इथं बसला नाहीस याचा मला मनापासून आनंद झाला.

गादी वाया गेली नाही. दुपारी तिच्यावर आता मीच बसते. गिऱ्हाईकं विचारतात, मालक कुटं हायत? मी सांगते, समोरच बसलीय की!

उन्हाळ्यात चार दिवस ये. माझाही दम वाढव. लोभ शेवटच्या मिनिटापर्यंत पळत राहो.

तुझी,
अक्का