घाटवाटेवरची डोली

अण्णा, गेल्या महिन्यात आपल्या गावामागच्या जुन्या घाटवाटेवरून मला डोलीत घालून खाली आणलं. घरात मुलांना पाय मुरगळला एवढंच माहीत आहे. बाकीचं सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. मिरजोळ्याच्या घरी पाय उशीवर ठेवून बसलेय आणि लिहितेय.

त्या वाटेचा इतिहास तुम्ही आम्हाला चुलीपाशी सांगायचात. आई निखाऱ्यावर सुका बांगडा भाजतेय, तुम्ही शाळेतून येऊन पाय धुऊन पाटावर बसलाय, आणि बोलताय. खाडीच्या बंदरात मचवे लागायचे. मीठ, सुकी मासळी, नारळ बैलांच्या पाठीवरून घाटावर जायचे, आणि वरून गूळ, मिरची, जोंधळा उतरायचा. चढणीला दगडी पायऱ्या, मध्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, माथ्यावर जकातीची चौकी. पुढे मोटाररस्ता दुसऱ्या घाटातून गेला आणि ही वाट ओस पडली. इथवर तुम्ही वर्गात शिकवावं तसं सांगायचात, आणि मग तुमचा आवाज उतरायचा. माल बैल न्यायचे, पण साहेब आणि इनामदार माणसांच्या खांद्यावरून जायचे, आणि ते खांदे आपल्या वाडीतले. हाक आली की हातातलं काम टाकून निघायचं, त्याला वेठ म्हणायचे. आजोबांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती, आम्ही पोरं तिच्यावर बोट ठेवून बघायचो. ती वेठ पुढे बंद पडली, तरी गावकीची कामं आपल्या गळ्यात होतीच. वाडीने धम्म घेतला तेव्हा तीही सोडली. हे सांगताना तुम्ही जेवायचं थांबायचात.

एकदा आत्याकडे जाताना त्याच चढणीवर मी दमले. वाटेत भेटलेल्या ओळखीच्या एका माणसाने मला हौसेने खांद्यावर घेतलं. तुम्ही मागून आलात. ओरडला नाहीत, नुसतं म्हणालात, "खाली उतर. आपल्यात कोण कोणाच्या खांद्यार बसत नाय." तो माणूस ओशाळला. मी रडत रडत उरलेला घाट चढले, आणि तुम्ही माझा हात माथ्यापर्यंत सोडला नाहीत.

तर आता जुन्या वाटांवरून हौसेने चालणारी मंडळी असतात, पुण्याची, रत्नागिरीतली. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई म्हणून त्यांनी मला बोलावलं. टाक्यापाशी सगळे सावलीला बसले आणि मी उभी राहून बोलले. अण्णा, मी फार छान बोलले. मालाची ने-आण व्हायची म्हणाले, अधिकाऱ्यांचा प्रवास व्हायचा म्हणाले. कोण न्यायचं, कोणाच्या खांद्यावरून व्हायचा, ते माझ्या वाक्यांत कुठेच आलं नाही. आजोबा अगदी ओठांवर आले होते. पण थोड्या वेळाने जेवणाचे डबे एकत्र उघडायचे होते, आणि माझ्या डब्यातल्या भाकरीकडे कोणाचे हात जातील आणि कोणाचे जाणार नाहीत, हे मला त्या दिवशी बघायचं नव्हतं. टाळ्या पडल्या. भाकऱ्या संपल्या. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायला लागली.

उतरताना सुटलेल्या पायरीवरून पाय गेला. उभं राहता येईना. कोणीतरी जवळच्या धनगरवाड्यावर धावलं आणि दोघे भाऊ बांबू आणि गोधडी घेऊन आले. गोधडीची झोळी करून त्यांनी मला आत बसवलं आणि बांबू खांद्यावर घेतला. पुढच्याच्या मानेवरचा घाम मला हातभरावर दिसत होता. थोडं अंतर गेल्यावर मी म्हटलं, मला उतरवा, मी धरून धरून चालते. मागचा म्हणाला, "मावशी, तुमी उतरलाव तर आमाला जास्ती वेळ लागंल. गप बसा."

मी गप बसले नाही. जे टाक्यापाशी गिळलं होतं ते त्या पुढच्याच्या पाठीला सांगितलं, की माझा आजोबा ह्याच वाटेवरून साहेबाला असाच न्यायचा. तो मान न वळवता म्हणाला, "आमी अजून नेतोच. ह्या पावसात माज्या बायकोला ह्यातूनच नेली. पोर वाटेतच झाला." मी विचारलं, दोघं बरी आहेत ना. बरी आहेत म्हणाला. त्यांच्या वाडीला दुसरी वाटच नाही. ज्याला मी सकाळी इतिहास म्हणत होते, त्यावरून त्यांचं रेशन चढतं आणि आजारी माणूस उतरतं.

खाली पोचल्यावर मंडळींना डोलीचा फोटो हवा होता. मी नको म्हटलं, आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, आपली वाडी कुठली, आजोबा काय करायचे, सगळं. एक बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे तर टाक्यापाशी सांगायचं होतं." त्यांचं खरं होतं. तोवर दोघे भाऊ पाणी पिऊन तांदळाचं पोतं उचलून परत वर निघाले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून आणखी एक लिहिते, जे मी त्या बाईंनाही सांगितलं नाही. डोलीतल्या त्या बोलण्यानंतर झाडीचा टप्पा लागला. पायाची कळ थांबली होती, अंगावर कोवळी सावली होती, डोली एका लयीत हलत होती. अण्णा, त्यांच्या खांद्यांवर मला झोप लागली. खाली उतरवताना मागच्याने हाक मारून उठवलं, तेव्हा क्षणभर मला वाटलं, अजून थोडा घाट असता तर बरं झालं असतं.