धोबीखान्याचे फाटक

थॉर्नली, लँकेशायर
११ नोव्हेंबर १९६८

प्रिय डोरीन,

तुझे पत्र पोहोचले. ऑकलंडला आता उन्हाळा लागत असेल. येथे धुके इतके दाट आहे की समोरच्या गिरणीचे धुराडेही दिसत नाही. घरी सर्व ठीक. मार्गारेटने नाताळचा केक आताच भाजून ठेवला आहे आणि माझ्यापासून त्याचे रक्षण करीत आहे.

आई थोडी पडली. ‘थोडी’ हा शब्द तिचा. डॉक्टरांच्या मते खुब्याचे हाड मोडले आहे.

तिला सेंट ऑल्डहेल्म रुग्णालयात, म्हणजे निराधारांना कामाला जुंपून ठेवीत त्या जुन्या गरीबखान्यात, न्यावे लागले. तुला आठवत असेल, त्या इमारतीसमोरून जावे लागू नये म्हणून ती बाजाराला जातानाही टेकडीचा वळसा घेई. मी तिला पुष्कळ समजावले. तेथे आता दगड फोडायला लावीत नाहीत, त्या अंगणात परिचारिकांनी गुलाब लावले आहेत, नाव बदलूनही वीस वर्षे झाली.

“पाटी बदलली म्हणून भिंती बदलतात का रे, सिरिल?” ती म्हणाली. “त्या कमानीखालून मी जायची नाही.”

रुग्णवाहिकेचा क्लेग मात्र वाद घालीत बसला नाही. “कमान कशाला, आजी? धोबीखान्याच्या फाटकातून नेतो. तुमच्या वयाच्या सगळ्यांना आम्ही तिकडूनच नेतो.”

“तू बर्था क्लेगचा नातू ना? तिलाही तसंच नेलंस?”

“नेलं की. वाटभर शिव्या देत होती.”

“मग मीही देते,” आई म्हणाली, आणि दिल्या. माझ्या आईला एवढे शब्द येतात, हे मला ठाऊक नव्हते.

त्या दुपारी वॉर्डात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ती घंटा गरीबखान्याच्या काळातलीच आहे. मी उठलो आणि सहज म्हणालो, “संध्याकाळी भेटू, आई.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवले. रात्रीचे जेवण परत पाठवले आणि शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले की, हाड न जोडता ती अशीच पडून राहिली तर छातीत कफ साठेल आणि हा हिवाळा निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन सांगितले. आजी वारली, आजोबांचे गिरणीतले काम सुटले, आणि ते सहा वर्षांच्या आईला घेऊन त्या कमानीखाली उभे राहिले. पुरुष डावीकडे, बायका-मुली उजवीकडे, असा तेथला नियम होता. आजोबा म्हणाले, “संध्याकाळी भेटू, पोरी.” जेवणघरातही पुरुषांची बाजू वेगळी होती. ती रोज मान उंच करून पाहत राहिली. त्याच हिवाळ्यात ते वरच्या मजल्यावर न्यूमोनियाने गेले. तिला ते धोबीखान्यातल्या एका बाईकडून कळले, तेही उशिराने.

डोरीन, तू बोटीने निघालीस त्या दिवशी आई साउदॅम्प्टनला आली नाही. तू त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाहीस. पण तुझ्या पत्रांत तिच्यासाठी शेवटची एकच ओळ असते, हे तिला दिसते. त्या दिवशी ती घरी तुझ्या खोलीचे पडदे धूत होती. ते स्वच्छ होते. तरी ती धूत राहिली.

आईने हे सारे सांगितले त्या दिवशी घंटा झाल्यावर मी ‘संध्याकाळी भेटू’ म्हटले नाही. टोपी तिच्या उशाशी ठेवून निघालो.

“मिस्टर हॉल्डन, टोपी विसरलात!” सिस्टर ड्वायर ओरडल्या.

“राहू द्या ती,” आई म्हणाली. “या थंडीत तो टोपीशिवाय कुठे पळतोय? येईल झक मारत.” मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आणा तुमचा तो कागद. कुठे सही करायची?”

शस्त्रक्रिया पार पडली. हाड उत्तम बसले आहे. छाती मात्र डॉक्टरांना हवी तशी नाही. ते आता तारखा सांगत नाहीत, आणि मीही विचारीत नाही.

तुला येण्याचा आग्रह करू नये, असे तिने मला बजावले आहे. म्हणून मी तो करीत नाही. परंतु काल मी निघताना तिने पुन्हा हाक मारली आणि म्हणाली, “आणि ती आलीच, तर कोणत्या फाटकाने यायचं ते नीट लिही तिला.”

तेवढे लिहितो. स्टेशनवरून वर आलीस की कमानीपाशी थांबू नकोस. भिंतीला धरून डावीकडे वळ. हिरवे लाकडी फाटक आहे, दिवसा उघडे असते.

उघड्या डोक्याने तुझी वाट पाहणारा,
तुझा धाकटा भाऊ,
सिरिल