पांढरा खडा

७ मे १९५८

त्या सकाळी मी माती गाळली नाही, एवढंच. हैबतरावांच्या घरचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, देवकापुढं मांडायला पाच मडकी हवी होती. जुनी खाण संपली म्हणून ओढ्याकाठची माती आणली. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे होते. मोठे वेचले, बारीक राहू दिले. भाजल्यावर मडकी खणखणीत वाजली.

काल त्यातलं एक फुटलं. नवी सून बायजा जमीन सारवत होती. मडक्याला हातही लागला नव्हता — टवकाच उडाला, तळाला भोक. सासूनं, गोजराबाईंनी, मला बोलावून घेतलं. “कुशाबा, देवकाचं मडकं आपसूक फुटतंय व्हय रं? पोरीचा पायगुण हाय ह्यो.”

टवक्याच्या मधोमध पांढरा ठिपका. पाहिला. “बघतो,” म्हणालो आणि खापर घेऊन आलो.

८ मे

बायजाला माहेरी, लवळ्याला धाडलं.

१० मे

कच्चं मडकं पाण्यात टाका, पुन्हा माती होते. एकदा भाजलं की नाही. आग मातीच्या अंगातलं पाणी कायमचं नेते. पण त्याच आगीत चुनखडीचा कळीचा चुना होतो. तो गप्प बसतो. ओल लागली की फुगतो आणि वरची माती उडवतो. वडिलांनी हे दहादा सांगितलं होतं.

भैरोबापुढं दिवा लावला. मागायचं काय, सुचेना.

बायकोला, साळूला, सांगितलं. “बोलून बघा,” म्हणाली, “म्हंजी तुमची मडकी धूळ खात पडतील घरात. आन् पटंल कुनाला? म्हनतील, पोरीच्या बापानं पढवलाय.”

खरं आहे तिचं.

१३ मे

हैबतरावांच्या दारापर्यंत गेलो. गोजराबाई उंबऱ्यात आल्या. “का रं, कुशाबा?” “सहज, वयनी.” परत आलो.

१५ मे

पौडच्या बाजारात बायजाचा बाप, सावळा, भेटला. “पोर जेवत न्हाई. तुमी कुंभार मानूस, तुमाला काय वाटतंय?”

उन्हाबद्दल काहीतरी बोललो.

१७ मे

त्याच भट्टीतली सात मडकी उरली होती. हैबतरावांच्या ओट्यावर ओल्या पोत्यावर मांडली. “हात लावू नका, वयनी. नुसतं बघा.”

“आता ह्ये काय नवं खूळ?”

“सून घरात न्हाई नव्हं?”

१९ मे

चार फुटली. सगळ्यांदेखत सांगितलं — खडे मी पाहिले होते.

गाडी लवळ्याला गेली.