पोखर्णीच्या लग्नात तोंड फिरवलं त्याबद्दल

वालूर, ता. सेलू
मंगळवार, दि. ८ जुलै २०२५

।। ॐ नमः शिवाय ।।

चि. त्रिवेणीला उमाअक्काचे आशीर्वाद.

पालमला तुमी समदे खुशाल असाल अशी उमेद धरते. इकडं पाऊस बरा झाला. शेजारच्या नर्मदाबाईच्या रानात सोयाबीन वर आलंय. वैभव पुण्याहून दर रविवारी फोन करतो. मी 'मजेत हाय' म्हणते, तो 'जप गं आई' म्हणतो, अन् फोन ठेवतो. पोरगा वाईट न्हाई, कामात असतो.

अक्षरं एवढाली मोठी बघून हसू नकोस. जाड काळ्या पेनानं लिहायलेय, पानावर आठ ओळी बसतात. तू माझा नंबर बंद करून ठेवलास म्हणून कागद घेतला. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता आलं असतं, पन ह्यातलं काही दुसऱ्याच्या कानावर घालण्यासारखं न्हाई.

मुद्द्याचं आधी सांगते. माझा उजवा डोळा गेल्यातच जमा हाय. डावा वाचवायची खटपट चालू हाय. त्यासाठी २१ तारखेला, सोमवारी, नांदेडला डोळ्यात सुई घ्यायचीय, अन् सोबत माणूस असल्याबिगर ते घेत न्हाईत. लगेच वैभवला फोन करशील तर बघ.

सुरुवात झाली ती पूजेत. आईनं आपल्या दोघींना शिकवलं तसं रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बघत बसते, हे तुला सांगायला नको. दोन वर्षांखाली एक दिवस बघते तर बोटं दिसायलीत, तळहाताची कड दिसायलीय, अन् मधे लिंगच न्हाई. हात लावला तर हाय. बघितलं तर न्हाई.

दुसरी बाई असती तर पळत दवाखान्यात गेली असती. मी गेले न्हाई. लोकांना सांगितलं, मोतीबिंदू हाय, पिकू द्या, मग काढू. खरं कारण पुढं लिहिते, आधी दवाखान्याचं ऐक.

यंदा चैत्रात सेलूला डोळ्यांचं शिबिर होतं. नर्मदाबाईनं मला ओढूनच नेलं. डॉक्टरीण प्रियांका नावाची, वैभवपेक्षा लहान, पन अशी रागावली माझ्यावर! "आजी, पिकायला तो काय आंबा आहे का?" डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून भिंग बसवलं. जरासक काम, दुखलंबी न्हाई. आपल्या घरची भिंत पिवळट न्हाई, पांढरी हाय, हे मला पट्टी काढल्यावर कळलं.

उजव्याचं दुखणं मात्र निराळं निघालं. डोळ्याच्या आतला मागचा पडदा खराब झालाय. वयानं होतं म्हणे. मधोमध डाग पडतो, कडंचं दिसत राहतं अन् मधलं जातं. तिनं विचारलं, "कधीपासून?" मी म्हणलं, "महिना झाला असंल." ती म्हणाली, "आजी, हा डाग जुना आहे. वेळेवर आला असतात तर सुया देऊन थोपवता आला असता."

निघताना तिनं एक चौकटीचा कागद दिला, मधे ठिपका. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडं बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायचं. जूनमधे एका सकाळी डाव्या डोळ्यालाबी रेघा वाकड्या दिसायल्या. दाराची चौकट मुरडल्यागत झाली. तसंच नर्मदाबाईला घेऊन सेलूहून रेल्वेनं नांदेड गाठलं. थेंब टाकून डोळा बधिर करतात, मग सुई देतात. दुखतं थोडंच, भ्याच लय वाटतं. गेलेलं परत यायची खातरी न्हाई, हाय ते धरून राहतं. महिन्याला एक, आधी तीन, मग बघू म्हणाले.

तिथं बाकड्यावर गंगाखेडचे माणिकराव म्हणून होते. त्यांना काचबिंदू. नळीतून बघितल्यागत मधलंच दिसतं, कडंचं समदं गेलं. हाय तेवढं टिकवायला रोज थेंब टाकायचे, जन्मभर. मी म्हणलं, "दादा, तुमचं मधलं अन् माझं कडंचं, दोघांचं मिळून एक धड माणूस हुतंय." लय हसलो आमी. घरी आले, कुलूप काढलं, अन् ही गंमत कुणाला सांगावी तर घरात कुणीच न्हाई. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. तवा मी लय रडले, त्रिवेणी.

आता ते कारण.

आई गेली तवा तू शिवरंजनीच्या बाळंतपणात अडकली होतीस. लेकीला तशा हालात सोडून कशी येणार? धावत आलीस तरी उशीर झाला. अन् मी मातीला जमलेल्या समद्या लोकांसमोर म्हणलं, "आई तुझं नाव घेऊन पाणी मागत होती, अन् तू आता तोंड दाखवायला आलीस." ते खोटं होतं. आई झोपेतच गेली. तिनं पाणी मागितलं न्हाई, नाव घेतलं न्हाई. मी एकटी होते तिच्याजवळ, मला भ्या वाटलं होतं, ते तुझ्यावर काढलं.

म्हणून लिंग दिसंना तवा मला वाटलं, महादेवच रुसला. तुझी माफी मागायची सोडून मी जप वाढवला. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, तसली मी. जपात दीड वर्ष गेलं अन् त्यात डोळा गेला. डॉक्टरीण म्हणाली, ह्यात पापपुण्य काही न्हाई, वय असतं अन् घराण्यातलं रक्त असतं. रक्त म्हणली अन् मला तू आठवलीस. सोबत तसलाच चौकटीचा कागद घातलाय. माझ्यावर राग असू दे, पन रोज एकेक डोळा झाकून बघ. मोठी बहीण म्हणून हुकूम हाय.

अन् पोखर्णी. मामाच्या शिवकांतच्या लग्नात तू आपल्या पायानं माझ्यासमोर आलीस. हातात ओटीचं ताट होतं. "अक्का" म्हणालीस, अन् मी तोंड फिरवलं. समद्या मांडवानं बघितलं.

अगं, मला समोरचं माणूस दिसत न्हाई. सरळ बघितलं की तोंडाच्या जागी नुसता धूर. डाव्यावर तवा मोतीबिंदू होता. मान वळवून कडंनं बघितलं तरच जरासं दिसतं, कोंबडी बघती तसं. तुझा आवाज ऐकला अन् तुला बघायला मान वळवली मी. दिसलीस. वाळली होतीस. कानात आईच्या कुड्या होत्या. मी तोंड उघडेस्तोवर तू ताट ठेवून गेलीस.

मागं पळत यायला पाहिजे होतं मी. पन मग समद्यांना कळलं असतं, उमाबाईला दिसंना झालंय. आंधळी म्हणण्यापरीस लोकांनी गर्विष्ठ म्हणलेलं मला बरं वाटलं. तुलाबी तसंच वाटू दिलं.

आता खुरपणीचे दिवस हायत, नर्मदाबाईला यायला जमणार न्हाई. ती मला सेलूला गाडीत बसवून देईल. नांदेडला उतरून मी पहिल्या फलाटावर, पाण्याच्या नळाजवळच्या बाकड्यावर बसते. हिरवं लुगडं असंल. तू पालमहून बसनं ये. अकरा वाजेपर्यंत वाट बघीन. आली न्हाईस तर उलट्या गाडीनं घरी येईन, तुला बोल लावणार न्हाई.

आता डाव्यालाबी मधलं पुसट दिसतंय, मी तुला लांबून ओळखणार न्हाई. जवळ येऊन 'अक्का' म्हण. मी तोंड फिरवीन. तवा जाऊ नकोस, त्रिवेणी. तवा मी तुलाच बघत असते.

तुझी, मान वाकडी करून वाट बघणारी,
उमाअक्का