तळं आटलं त्या उन्हाळ्यात

तळ्यावरचं घर,
९ एप्रिल

ती. स्व. वन्संना सा. न. वि. वि.

पत्रावरचा पत्ता बघून तुमच्या हातातली सुई थबकली असेल. होय, मी चिमणीला घेऊन इथे आलेय. ह्यांच्यासाठी फक्त चार ओळींची चिठ्ठी ठेवली. तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी येऊ दिलं नसतं, आणि भांडायचं बळ आम्हां दोघांतही उरलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यानंतर कुलूप उघडलंच नव्हतं. किल्ली फिरेना. तेल सोडलं, शिव्या घातल्या, तेव्हा कुठे दार हललं. उंदरांनी गाद्यांचा फडशा पाडलाय. दोन दिवस नुसती झाडझूड चालली होती, आता घर जरा घरासारखं दिसतं. दुपारी खिडकीला ओली चादर लावून आम्ही मायलेकी गार फरशीवर लोळतो. बाकी वेळ चिमणी तुतीच्या झाडावर असते आणि जांभळी जीभ दाखवायला तेवढी खाली उतरते. अंथरुणं व्हरांड्यातच टाकतो. तिकडे ती झोपेत दचकून उठायची, ते इथे कमी झालंय.

उकाडा मात्र विलक्षण आहे. पूर्वी पाणी पायऱ्यांना लागायचं, आता पायऱ्यांपुढे केवढा तरी चिखल पसरलाय.

तुमचा गणवेशांचा हंगाम सुरू झाला असेल. वेळेवर जेवत जा, ते मशीन काही तुम्हाला घास भरवणार नाही. माझ्यावर रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची
वहिनी


१५ एप्रिल

चि. वहिनीस अनेक आशीर्वाद.

सुई थबकली नाही, बोटात गेली. काय केलंस गं हे? त्या तळ्यात होडी उलटून आपला सोन्या गेला. आठवडाभर जाळी टाकली, पाणबुडे उतरवले, तरी लेकरू हाती लागलं नाही. त्याच काठावर त्याच्या बहिणीला नेऊन ठेवलंस?

माझा भाऊ परवा येऊन गेला. दिवसभर लिफ्टच्या दोरांना लोंबकळून तसाच आला होता, हाताचं ग्रीससुद्धा धुतलं नव्हतं. तुझी चिठ्ठी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला की त्या घराचं नाव आपल्यासमोर काढायचं नाही, तिला यायचं तेव्हा ती येईल. ताटावर बसवलं तर दोन घास चिवडून उठला. वर्ष झालं, पोराचं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. दोन-दोन पाळ्या करतो, म्हणजे घरी जायला नको. तू तिकडे, तो इकडे. मी कुणाचे कान धरायचे?

चिमणी झाडावर चढते हे वाचून मात्र हसू आलं. आत्यावर गेलीय. फरक इतकाच की मला उतरता यायचं नाही आणि मी वरच बसून भोकाड पसरायची.

परतीच्या गाडीचं कळव. रागानं लिहिलंय, पण ते काळजीच्या खात्यात टाक.

तुझी
वन्सं


तळ्यावरचं घर,
२ मे

ती. स्व. वन्संना सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. इथे दिवस कसा जातो कळत नाही. तळ्याजवळच्या म्हाताऱ्या कोळ्याची बायको टोपलीभर काकड्या देऊन जाते. आम्ही बादलीत पाय सोडून बसतो, मीठ लावून काकड्या खातो आणि चिमणी जुनी मासिकं मोठ्यानं वाचते. जाहिरातीसुद्धा सोडत नाही. काल तिनं एका साबणाचं इतकं कौतुक वाचून दाखवलं की तो विकत घ्यावासा वाटला.

पाणी तळ्यातल्या मोठ्या खडकाच्याही मागे गेलंय. म्हातारबाबा म्हणतात, त्या खडकाचा पायथा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. उन्हं चढायच्या आत मी तिथवर फेरी मारून येते. चिमणीला चिखलात येऊ देत नाही, तेवढा विश्वास ठेवा.

मध्यावर अजून पाणी आहे. ऊन असंच राहिलं तर तेही जाईल. इथले सगळे आभाळाकडे बघतात, पाऊस लवकर यावा म्हणतात. मी म्हणत नाही.

गाडीचं नंतर कळवते. ह्यांना म्हणावं, छप्पर शाबूत आहे. तुमचा जीव आमच्यात अडकलेला असतो, तो तसाच असू द्या.

तुमची
वहिनी


८ मे

प्रिय आत्या, तुला नमस्कार.

हे पत्र मी आईला न दाखवता कोळीआजींकडे देणार आहे. त्या बाजाराला जातात तेव्हा पेटीत टाकतील.

आई फेरी मारायला जात नाही. ती लांब काठी घेऊन जाते आणि चिखलात खुपसून बघते. परत येते तेव्हा तिचे कपडे कमरेपर्यंत भरलेले असतात. मग आंघोळ करून ती माझ्याशी छान बोलते. ती काय शोधते ते मला माहीत आहे. पण मला माहीत आहे हे तिला माहीत नाही.

काल ती रुतली. छातीपर्यंत गेली. मी पायऱ्यांवरून ओरडले. कोळीआजोबांनी फळी टाकली आणि तिला ओढून काढलं. ते तिला खूप रागावले. त्यांनी सांगितलं की पुन्हा गेलीस तर तुझ्या नवऱ्याला निरोप धाडीन. आज सकाळी ती पुन्हा गेली. फळी मात्र घेऊन गेली.

आत्या, बाबांना सांग. पण मी सांगितलं असं सांगू नकोस.

तुझी
चिमणी

ता. क. मला आता बेडकाची भीती वाटत नाही.


१४ मे

चि. वहिनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्यापासून लपवून काही केलं असं नको व्हायला, म्हणून कळवते. तू तिथे काय करतेस ते मला कळलं आणि मी माझ्या भावाला सांगितलं. कसं कळलं ते विचारू नकोस.

त्यानं सगळं ऐकलं. चहाचा कप खाली ठेवला आणि निघून गेला. आज त्याच्या कामावर फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, रजा टाकून गेलेत. कुठे ते मी विचारलं नाही.

तो भांडेल. भांडू दे. निदान एका घरात भांडाल. तुला न विचारता त्याला सांगितलं म्हणून मला परकी मात्र करू नकोस.

तुझी
वन्सं


तळ्यावरचं घर,
२४ मे

ती. स्व. अक्कास शि. सा. न.

पत्र लिहायची मला सवय नाही. कुठे उसवलं तर शिवून घे.

पोचलो तेव्हा चिमणी व्हरांड्यात एकटी होती. तिनं बोटानं तळ्याकडे दाखवलं. मी रागातच निघालो. हात धरून ओढत आणायचं, काय काय बोलायचं, सगळं गाडीत जुळवून ठेवलं होतं. ती खडकाजवळ फळीवर पालथी पडली होती, दोन्ही हात खांद्यापर्यंत चिखलात. माझ्याकडे बघितलं, उठली नाही. फळीवर थोडी बाजूला सरकली, मला जागा करून दिली. जुळवलेलं सगळं विसरलो. बूट काढले आणि तिच्याशेजारी आडवा झालो.

दोर बांधायचं काम मला येतं. खडकाला दोर घेतले, दोघांच्याही कमरेला बांधले. म्हातारबाबांनी आणखी फळ्या आणल्या. पाणी होतं तेव्हा भोवरा कुठे फिरायचा ते त्यांनी दाखवलं. गुरुवारी तिथेच, गाळाखाली, माझ्या हाताला लागलं. शर्टावरून ओळखलं. तू शिवलेला. तुझी शिलाई उसवली नव्हती, अक्का. पुढचं लिहीत नाही.

ती रडली नाही. हातानं गाळ बाजूला करत राहिली. मग मला म्हणाली, “फार वेळ बाहेर राहिला. घरात नेऊ या त्याला.”

आम्ही त्याला चादरीत घेऊन व्हरांड्यात आणलं. तालुक्याहून पोलीस आले, डॉक्टर आले, कागद झाले. चिमणीला आत बसवलं होतं, पण तिनं खिडकीतून पाहिलंच. तिनं मला विचारलं, दादाला तिथे सगळा वेळ थंडी वाजत होती का. त्याला घरामागच्या चढावर पुरलं. खड्डा म्हातारबाबांनी आणि मी खणला. सगळं झाल्यावर मी त्याचं नाव घेतलं. आवाज माझा वाटला नाही.

काल कोळीआजींनी कलिंगड आणून दिलं. कालपर्यंत आम्हां तिघांनाही खाण्याची आठवण नव्हती. कापल्यावर मात्र हावरटासारखे खाल्ले, कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं. मला स्वतःची लाज वाटली, तरी हात थांबेना. चिमणीनं बी थुंकली ती नेमकी माझ्या कपाळावर. ती खळखळून हसली आणि लगेच तोंडावर हात दाबून आमच्याकडे बघू लागली. तिच्या आईनं तो हात धरून खाली घेतला आणि तिच्या दुसऱ्या हातात आणखी एक फोड दिली.

शाळा उघडेपर्यंत आम्ही इथेच राहू. तू मशीन बंद कर आणि ये. वाटेवर आता चिखल नाही, पायऱ्यांपर्यंत कोरडं आहे. स्टेशनवर मी घ्यायला येईन. तुझ्या भावावरचा जीव थोडा करू नकोस.

तुझा
धाकटा