माप न घेता शिवलेला शर्ट

प्रिय आत्या,

दंगलीत आमचं शिलाईचं दुकान पेटलं त्या दुपारी बाबा गळ्यातल्या टेपसकट आम्हाला घेऊन तुझ्या दारात आले. दुसऱ्या धर्माच्या काकांशी लग्न केलंस म्हणून त्यांनी तुझा उंबरा कधी ओलांडला नव्हता. तू दार उघडशील की नाही, या धास्तीने मी आईचा हात घट्ट धरला होता. तू टेपकडे पाहून म्हणालीस, "दादा, माप घ्यायला आलास की राहायला?" बाबांना हसता हसता रडू फुटलं.

मग काकांच्याच लोकांचा जमाव आम्हाला शोधत आला. काका दारात खुर्ची टाकून बसले.

"आत कोण आहे?"

"मेव्हणा आलाय सुट्टीला. तुम्हीही या, पण पंखा एकच आहे."

काका खुर्चीतून हलले नाहीत. जमाव निघून गेला. त्या एका पंख्याखाली आपण सगळ्यांनी उन्हाळा काढला, पण बाबा काकांशी 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलले नाहीत. तुला ते लागलं असेल.

आता उसन्या मशीनवर आमचं काम सुरू झालं आहे. बाबांनी पहिला शर्ट कापायला घेतला, तेव्हा मी घाबरून विचारलं, "बाबा, माप?"

"सगळा उन्हाळा समोर बसलो होतो. माझ्या मेव्हण्याचं माप मला ठाऊक नाही होय?"

बटणं मी लावली आहेत, ओढून ओढून तपासली आहेत. उद्या बाबा स्वतः शर्ट घेऊन येत आहेत, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. आभार त्यांनाच मानू दे. दारात तू त्यांना काय विचारशील, ते मला माहीत आहे.

तुझ्या पंख्याखाली शांत झोपलेला,
तुझा भाचा