फोटोत नसलेला कठडा

ती. ताईस नमस्कार.

पत्राच्या कोपऱ्यात माझ्या घराचा नाही, तुझ्या माहेरचा पत्ता पाहून दचकू नकोस. तुझी आई, म्हणजे आमची आत्या, अगदी ठणठणीत आहे. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिलेली नाही, आणि त्या खुशीचं कारण मी आहे, ते ओघाने येईलच. भावोजींची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, वाकून जड काही उचलू नका आणि कुठल्याही मंडळाचं पद घेऊ नका. मुलांना आशीर्वाद. मीही बरा आहे. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, तेवढं सोडलं तर अगदी बरा.

आमचं 'जुनी गल्ली जतन मंडळ' तुला ठाऊक आहेच. सगळी गल्ली पाडून तिथे गाड्या लावायची इमारत उठवायचं घाटत होतं, तेव्हा ठेकेदाराच्या यंत्रासमोर आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, मिटलेली छत्री रोखून उभे राहिले होते, आणि त्यांच्या मागे (थोडा मागे) मी होतो. आज ही गल्ली उभी आहे ती आमच्यामुळे, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन, आणि सांगतोही, म्हणून लोक मला पाहून रस्ता बदलतात. मी चिटणीस. पगार नाही, भत्ता नाही, सभेला जायचं तर चहासुद्धा घरून पिऊन जायचा. पण फुकट राबणाऱ्या माणसाला कोणी कामावरून काढू शकत नाही, हे सुख पगारी माणसाला कुठून मिळणार? तुझी भावजय म्हणते की ते सुख तिला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तिच्या बोलण्याचा अर्थ मी कधी विचारलेला नाही.

गल्ली वाचली आणि मंडळाला काम उरलं नाही. रिकामं मंडळ फार वाईट, ताई. वाचनालयाच्या भिंतीवर आपल्या गल्लीचा एक जुना फोटो आहे, लहानपणी तू मला उचलून दाखवायचीस तो. त्यावरून मी नियम केला की घराच्या दर्शनी बाजूला जे काही असेल ते त्या फोटोत असलं पाहिजे. काय नियम होता! चष्मेवाल्याची लुकलुकणारी पाटी गेली, डॉक्टरांची गाणारी घंटा गेली, खिडक्यांतून लोंबणारे एसी गेले. कोणी तोंड उघडलं की आम्ही एवढंच विचारायचो, फोटोत आहे का? संपला वाद. महिनाभर मला झोप फार छान लागत होती.

मग शिंप्याच्या दुकानावरचं निळं प्लॅस्टिक आम्ही उतरवलं. त्याने हू की चू केलं नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराशी शेळी बांधलेली. मी हरकत घेतली, तर तो माझा हात धरून मला वाचनालयात घेऊन गेला आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. शेळी! इतकी वर्षं मी ते पोतं समजत होतो. मंडळाची तातडीची सभा झाली. हेडमास्तरांचं म्हणणं, फोटोतली शेळी जास्त काळी आहे. शिंपी म्हणाला, ती सावलीत उभी आहे. शेवटी शेळी हा गल्लीचा वारसा आहे असा ठराव एकमताने झाला, आणि तेव्हापासून तो वारसा आमच्या नोटिसा भिंतीवरून ओढून खातो.

अशा वातावरणात आत्याने कठडा मागितला. तिचे गुडघे तुला माहीत आहेत आणि तुमच्या दारातल्या त्या दगडी पायऱ्याही. उंच, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि धरायला काही नाही. एका बाजूला लोखंडी कठडा बसव, म्हणजे मी खाली उतरून समोरच्या बाकावर जाऊन बसेन, एवढंच तिचं म्हणणं. त्या बाकावर तिची मैत्रीण बसते, त्या निवृत्त नर्सबाई. हिवाळ्यापासून आत्या खाली उतरलेली नाही, त्यामुळे ती खिडकीतून आणि नर्सबाई बाकावरून अशा बोलतात, आणि कोणाच्या सुनेने काय केलं ते सगळ्या गल्लीला कळतं. मी विषय मंडळापुढे मांडला (मांडला, हे लक्षात ठेव). हेडमास्तरांनी भिंग लावून फोटो पाहिला. कठडा नव्हता. आता सख्ख्या आत्यासाठी सवलत दिली असती तर शिंप्याने दुसऱ्या दिवशी आणखी काय बांधलं असतं कोण जाणे!

नकार लेखी द्यायचा असतो. पण घरचं माणूस, म्हणून नोटीस भिंतीवर न चिकटवता मी स्वतः द्यायला आलो. आत्याने ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि म्हणाली, "बरं हो चिटणीससाहेब, सांभाळून उतरा." मी वळलो. एकच पायरी खाली वारसा उभा होता. त्याने मान लांब करून माझ्या हातातली नोटीस धरली. मीही धरली, मंडळाचा कागद होता तो! त्याने हिसका दिला, मी धरायला हात टाकला, आणि त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की इथे धरायला काही नाही. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं.

मी वरच्या पायऱ्यांवरच आडवा झालो होतो; खाली नेण्यापेक्षा आत नेणं सोपं, म्हणून मला आत्याच्याच खाटेवर आणून टाकलं. एकदा खुर्चीत बसवून मला उतरवायचा प्रयत्न झाला. पुढे शिंपी, मागे हेडमास्तर. दुसऱ्या पायरीवर दोघांचे मतभेद झाले, आणि डॉक्टरांनी पुन्हा तसलं काही करायला सक्त मनाई केली आहे. कठडा असता तर मी कुबडीच्या आधाराने उतरलो असतो. म्हणजे नियम बदलायला हवा. आणि नियम बदलायचा तर चिटणीस सभेला हजर पाहिजे, असाही एक नियम आहे. तो मीच केला, कारण मागे मी लग्नाला गेलो असताना यांनी परस्पर डॉक्टरांना घंटा परत दिली होती. सभा भरते समोर वाचनालयात. वाचनालयात जायचं तर पायऱ्या उतरायला हव्यात. पायऱ्या उतरायच्या तर कठडा हवा. मी हे आत्याला समजावून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की नर्सबाईंनी बाकावरून विचारलं काय झालं, आणि आत्याने खिडकीतून सगळं सांगितलं.

एक गोष्ट मात्र तुला म्हणून लिहितो. माझी खाट खिडकीपाशी आहे. इथून आपली गल्ली फार सुरेख दिसते, अगदी फोटोसारखी. पहिल्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. चौथ्या दिवशी मी शेळीला हाका मारायला लागलो. आत्या हे हिवाळ्यापासून बघते आहे, आणि मी रोज याच खिडकीखालून रुबाबात हात करून जात होतो. मला फार वाईट वाटलं, ताई. हे हेडमास्तरांना कळवू नकोस.

भावोजींना नमस्कार, आणि तुझी तब्येत सांभाळ.

तुझा धाकटा भाऊ
(चिटणीस)

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. मी सभेला जाऊ शकत नसेन तर सभा माझ्याकडे येऊ शकते. हेडमास्तर तयार आहेत. पण आत्या मंडळाला घरात घेत नाही. म्हणते, माझ्या घरात फोटोत नसलेली माणसं चालणार नाहीत. तू तिची लेक, तुझं ती ऐकेल. तेवढं लिही तिला.

आणखी ता. क. – काल दुपारी दाराच्या बाजूला कुठेतरी ड्रिल चालू होतं. आत्या म्हणते, शेजारी कोणीतरी फळी ठोकतंय. मंडळाची परवानगी नाही! मी पडल्या पडल्या कडक नोटीस लिहून ठेवली आहे, फक्त नाव घालायचं राहिलंय. हे पत्र मात्र पेटीत टाकायला कोणी नाही. आत्याला उतरता येत नाही आणि मलाही. पाकीट चिकटवून दूधवाल्याकडे दे, असं तिला सांगितलंय.

बाळ, हा मजकूर माझा आहे, अक्षरावरून ओळखशीलच. पाकीट चिकटवायच्या आधी सगळं वाचलं. लिहितो बरा, पण शेळीचं खोटं आहे, तिने नुसता वास घेतला होता. ड्रिल आपल्याच दारात चाललं होतं. कठडा छान झालाय, हिरवा रंग दिलाय. नर्सबाईंनी त्याचा फोटो काढून वाचनालयात जुन्या फोटोशेजारी लावला, म्हणजे आता तो फोटोत आहे. तुझ्या भावाला अजून सांगितलेलं नाही. कळलं की लगेच घरी जाईल, आणि पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय. आत्ता तो घोरतोय. दूधवाल्याची वाट कोण बघणार? पत्र मीच टाकून येते.